कोंबडीच्या पिल्लांचे पहिले चौदा दिवस : ऊब, दाणा आणि वजन

अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं कोंबडीचं पिल्लू ४० ग्रॅमच्या आसपास भरतं. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या जातीचं असेल तर सातव्या दिवशी ते चौपट, जमलं तर साडेचारपट व्हायला हवं. पुढे विक्रीला जाईपर्यंत एका आठवड्यात इतक्या पटीने ते परत कधीच वाढत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत त्याला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. पोटात गेलेला दाणा शरीर बांधायला लागणार की नुसता ऊब धरण्यात जळून जाणार, हे या दोन आठवड्यांत आपण शेडमध्ये काय करतो त्यावर ठरतं. बाहेरून दिलेली ऊब बल्ब, गॅस किंवा शेगडीची असते. ती दिली नाही तर पिल्लू खाद्य जाळून ऊब तयार करतं, आणि पोल्ट्रीत त्याइतकी महाग ऊब दुसरी नाही.

हा लेख शंभर पिल्लांच्या तुकडीसाठी लिहिला आहे. तुमची दोनशे असतील तर जागा, भांडी आणि वॅट दुप्पट करा. हजारांच्या पुढे एकाच कुंपणात सगळी ठेवू नका, गट पाडा. ब्रॉयलर असो, वनराजा-गिरिराजसारखी सुधारित जात असो की कडकनाथ, उबेचं तत्त्व तेच आहे. वजनाचे आकडे मात्र वेगळे, ते पुढे येतील.

आधी पिल्लाची शिल्लक समजून घ्या

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत उबतं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत उरलेला बलक बेंबीवाटे पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि बेंबी मिटते. जन्मताना पिल्लाच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हा बलकच असतो. त्यात चरबी आहे, प्रथिनं आहेत आणि आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्यंही आहेत. हॅचरीतून निघालेलं पिल्लू खोक्यात बसून शेकडो किलोमीटरचा प्रवास जिवंत करतं ते या बलकाच्या जोरावर.

यावरूनच एक समजूत पक्की झाली आहे: बलक आहे, तेव्हा पिल्लू दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी बिघडत नाही. जगतं हे खरं. पण वाढीच्या दृष्टीने बिघडतं, आणि बरंच बिघडतं. बलक हा जगवण्यापुरता साठा आहे, त्यावर वजन चढत नाही. दुसरं म्हणजे, पोटात खाद्य गेलं की आतडं हलायला लागतं आणि त्या हालचालीने बलकही लवकर आतड्यात उतरून वापरला जातो. म्हणजे खाल्लेल्या पिल्लाचा बलक उपाशी पिल्लापेक्षा आधी संपतो, आणि तो कामाला लागून संपतो. उपाशी पिल्लात तो रेंगाळतो. बेंबी नीट मिटलेली नसेल तर त्यात जंतुसंसर्ग होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगलेली, बेंबी पिकलेली पिल्लं मरायला लागतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगात सगळ्यात वेगाने वाढतात ती आतडी. यकृत आणि पचनाचे बाकीचे अवयवही उरलेल्या शरीराच्या पुढे धावतात. छातीचं मांस मागाहून येतं. म्हणून या आठवड्यात खाल्लेला दाणा पुढच्या सगळ्या दाण्याचं पचन ठरवतो. इथे मागे पडलेलं पिल्लू नंतर कितीही खाऊ घातलं तरी ठरल्या दिवशी बरोबरीला येत नाही.

आता उबेचं. लहान जिवाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे उष्णता भराभर बाहेर जाते. अंगावरची लव कोरडी असेल तर थोडी राखण करते, भिजली की काहीच करत नाही. टरफल फोडण्याच्या धडपडीत यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर जवळजवळ संपलेली असते. थंडी वाजली की पिल्लू स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतं, आणि त्याला इंधन लागतं. मोठ्या कोंबडीचं अंग ४१ अंश सेल्सिअसच्या वर असतं. नवजात पिल्लाचं त्याच्या खाली असतं आणि बाहेरच्या हवेबरोबर आणखी खाली घसरतं. स्वतःचं तापमान स्वतः सांभाळायची ताकद हळूहळू, साधारण दोन आठवड्यांत येते.

चिमणीचं किंवा साळुंकीचं पिल्लू पाहिलंत तर ते उघडंबोडकं, डोळे मिटलेलं असतं. ते सुरुवातीला स्वतःची ऊब करायच्या फंदातच पडत नाही. ऊब आईबाप देतात, चारा आईबाप भरवतात, आणि मिळालेला जवळजवळ सगळा घास वाढीत जातो. म्हणूनच चिमणीचं पिल्लू दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडतं. कोंबडीचं पिल्लू जन्मतःच पळतं, टिपतं, लव घेऊन येतं, पण त्या पळण्याचा आणि उबेचा खर्च त्याच्याच खात्यावर पडतो. ब्रुडिंग करताना, म्हणजे पिल्लांना बाहेरून ऊब देताना, आपण तो खर्च उचलतो.

पिल्लं येण्याआधी

शेड किंवा खोली धुऊन, चुना मारून, पूर्ण वाळवून घ्या. ओल राहिली तर पुढचं सगळं वाया. जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन ते तीन इंच पसरा. थंडीत तीनच घ्या, कमी नको. पिल्लाच्या अंगातली उष्णता सगळ्यात गुपचूप पळते ती पायांवाटे, गार कोब्यात. हवेचा थर्मामीटर बरोबर दाखवतो आणि खाली तूस थंडगार असतं, असं बऱ्याच शेडमध्ये दिसतं. म्हणून हिवाळ्यात ब्रुडर (ऊब देणारं साधन) पिल्लं येण्याच्या २४ तास आधी चालू करायचा, बाकी दिवसांत सहा-आठ तास आधी. तुसात हात खुपसून पाहा, तळाशीसुद्धा कोमट लागलं पाहिजे. तुसाचंच तापमान मोजलंत तर २८ ते ३० अंश हवं.

तुसावर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरतात, म्हणजे पिल्लू तूस खात नाही आणि त्यावर टाकलेला दाणा त्याला दिसतो. गुळगुळीत कागद वापरू नका. त्यावर पाय घसरून फाकतात आणि असं पिल्लू भांड्यापर्यंत पोचतच नाही. खडबडीत कागद घ्या, किंवा वर्तमानपत्राचे थर घालून वरचा खराब झालेला रोज काढत जा.

कुंपण गोलच करा. पुठ्ठा किंवा पत्रा, उंची दीड फूट. पिल्लं घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात, गोलात कोपराच नसतो. शंभर पिल्लांना सुरुवातीला दोन चौरस मीटर जागा पुरते, म्हणजे साधारण सव्वापाच फूट व्यासाचं वर्तुळ. तिसऱ्या दिवसापासून ते थोडं थोडं वाढवत न्यायचं.

उबेसाठी पिल्लामागे हिवाळ्यात दोन वॅट आणि उन्हाळ्यात एक वॅट हा चालत आलेला हिशेब अजूनही बरोबर आहे. शंभर पिल्लांना थंडीत २०० वॅट, म्हणजे शंभराचे दोन जुने पिवळे बल्ब किंवा २५० वॅटचा एक लाल इन्फ्रारेड बल्ब. एलईडी बल्बने उजेड मिळतो, ऊब मिळत नाही. दुकानात पिवळे बल्ब मिळाले नाहीत म्हणून एलईडी लावून मोकळं होऊ नका. २०० वॅट चोवीस तास चालले तर दिवसाला ४.८ युनिट होतात. हा आकडा लिहून ठेवा, शेवटी वजनाच्या हिशेबात लागेल.

बल्ब वायरवर लटकवू नका, साखळीने बांधा. खाली वाळलेलं तूस आहे, बल्ब निसटला तर शेड पेटायला वेळ लागत नाही. इन्फ्रारेड तुसापासून दीड फूट वर ठेवून सुरुवात करा आणि पिल्लांची वागणूक बघून वर-खाली करा.

ग्रामीण भागात भारनियमन गृहीत धरूनच चाला. पहाटे तीन ते सहा वीज नसेल तर आधीच्या दिवसभराची मेहनत त्या तीन तासांत जाते. गॅस ब्रुडर किंवा कोळशाची शेगडी तयार ठेवा. शेगडी बाहेर फुलवून, धूर पूर्ण गेल्यावरच आत आणायची, आणि आत असताना शेडचा पडदा वरून उघडा ठेवायचा. बंद खोलीत कोळशाचा वायू पिल्लांनाही मारतो आणि राखणीला झोपलेल्या माणसालाही.

खोकं आल्यावर पहिला अर्धा तास

भांड्यांतलं पाणी आधी भरून कोमट होऊ द्या. पिल्लू गार पाणी प्यायलं की ते पाणी अंगाच्या तापमानाला आणायलाही ऊब खर्च होते. बरीच लांबून आलेली पिल्लं असतील तर पहिल्या पाण्यात लिटरला ५० ग्रॅम गूळ किंवा ग्लुकोज घाला. साठवलेली साखर संपलेली असते, ती लगेच भरून निघते. पण हे पहिले काही तासच. दिवसभर गूळपाणी चालू ठेवलं तर विष्ठा चिकट होते, शेपटीखाली चिकटून मार्ग बंद होतो, आणि पिल्लं गोडावर पोट भरून खाद्य कमी खातात.

खोक्यातून पिल्लं सोडताना वीस पिल्लं एका टोपलीत घालून वजन करा, टोपलीचं वजन वजा करून वीसने भागा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पहिल्या दिवसाचं वजन नसेल तर सातव्या दिवसाच्या वजनाला काही अर्थ राहत नाही. वजन करतानाच बेंबी पाहा, पाय पाहा. पायाची कातडी सुरकुतलेली दिसली तर पिल्लाच्या अंगातलं पाणी कमी झालंय, त्याला सगळ्यात आधी भांड्याजवळ सोडा. काही पिल्लांची चोच पाण्यात हलकेच बुडवा. दहा-पंधरा जणांना कळलं की बाकीची त्यांचं बघून शिकतात.

पाण्यानंतर खाद्य किती वेळाने द्यायचं यावर प्रत्येकाचं मत असतं. माझं मत स्पष्ट आहे: अर्धा-पाऊण तास पाणी पिऊन झालं की लगेच. दुपारी आलेल्या पिल्लांना संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर ठेवण्याचं काहीही कारण नाही. खाद्य कागदावर भुरभुरवा आणि उथळ ताटल्यांतही ठेवा. कुठल्याही पिल्लाला पाणी किंवा दाणा मिळायला एक मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. भांडी बल्बच्या बरोबर खाली ठेवू नका, तिथे पाणी तापतं आणि पिल्लं ते पीत नाहीत.

पहिल्या रात्रीची तपासणी

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. पिल्लं सोडल्यावर आठ तासांनी आणि परत चोवीस तासांनी, वेगवेगळ्या जागांवरून तीस-चाळीस पिल्लं एकेक करून हातात घ्या. गळ्याच्या तळाशी, छातीच्या वर थोडी उजवीकडे खाद्याची पिशवी असते, पोल्ट्रीवाले तिला क्रॉप म्हणतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती अगदी हलक्या हाताने चाचपायची. दाबायचं नाही.

भरलेली आणि मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली, तर पिल्लाने दाणाही खाल्लाय आणि पाणीही प्यायलंय. भरलेली पण आत दाणे कडक, सुटे सुटे लागले, तर त्याने खाल्लंय पण पाणी सापडलेलं नाही. भांडी वाढवा किंवा जवळ आणा. पातळ, डुचमळणारी लागली तर नुसतं पाणी प्यायलंय. खाद्य दिसत नसेल, उजेड कमी असेल, किंवा थंडीमुळे ते बल्बखालून हलत नसेल. आणि बोटांना काहीच लागलं नाही तर पिल्लू रिकामं आहे. आठ तासांनी शंभरातली ऐंशी ते पंच्याऐंशी पिल्लं भरलेली हवीत, चोवीस तासांनी पंच्याण्णवच्या पुढे. कमी भरली तर आधी उबेकडे बघा, मग उजेड, मग भांड्यांची संख्या. बहुतेक वेळा दोष उबेतच सापडतो, कारण गारठलेलं पिल्लू खायला जात नाही आणि न खाल्लेलं पिल्लू आणखी गारठतं.

पिल्लू हातात असताना त्याचे पाय आपल्या गालाला किंवा मानेला लावा. गार लागले तर तूस थंड आहे, थर्मामीटर काहीही सांगो. पशुवैद्यक कानाच्या थर्मामीटरने पिल्लाच्या गुदद्वाराशी तापमान घेतात, ते ४० ते ४०.६ अंश असावं. ते साधन नसेल तर गालाची परीक्षा चांगली चालते.

तापमान : आकडा आणि वागणूक

बरेच पोल्ट्रीवाले फॅरनहाइटमध्येच बोलतात: पहिल्या आठवड्यात ९५, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. सेल्सिअसमध्ये पहिला आठवडा ३३ ते ३५, दुसरा ३० ते ३२, तिसरा २७ ते २९. थर्मामीटर भिंतीला अडकवून उपयोग नाही. तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, तुसाच्या दोन इंच वर, उबेच्या वर्तुळाच्या कडेला असावा.

कुंपणात सगळीकडे सारखी ऊब नको. खुडूक कोंबडी काय करते पाहा. तिच्या पोटाखाली गरम, बाहेर गार. पिल्लं बाहेर येतात, टिपतात, गार वाटलं की परत पंखाखाली शिरतात. पिल्लाला निवड मिळते. तशीच निवड कुंपणात ठेवायची: मधोमध गरम, कडेला त्याहून पाच-सहा अंश कमी. जे पिल्लू अशक्त आहे ते मध्ये बसेल, धडधाकट कडेला फिरेल.

थर्मामीटर एका जागेचं तापमान सांगतो, पिल्लं सगळ्या जागेचं सांगतात. सगळीकडे पसरलेली, काही खात, काही पाय पसरून झोपलेली, मधूनच बारीक किलबिल, म्हणजे ठीक. बल्बखाली घट्ट गोळा होऊन मोठ्याने, सलग चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कडेला कुंपणाला चिकटून, चोची उघड्या, पंख सैल, गप्प असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून वाऱ्याची झुळूक येतेय. खाली वाकून, पिल्लाच्या उंचीला हात धरून ती झुळूक शोधा, पडद्याची खालची फट बहुधा तिथेच असते.

ही पाहणी दुपारी करून भागत नाही. पहाटे चार ते सहा ही खरी वेळ. पौष-माघात निफाडकडचा किंवा जुन्नरकडचा पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा दुपारी बरोबर वाटलेली बल्बची उंची पहाटे पुरत नाही. उन्हाळ्याचा घोळ उलटा आहे. विदर्भात वैशाखात दुपारी पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा बल्ब बंद करून पिल्लांना गारवा द्यावा लागतो, कारण धापा टाकण्यातही शक्ती जाते आणि खाणं थांबतं. पण पुणे-नगर पट्ट्यात त्याच एप्रिलमध्ये रात्री पारा विशीच्या घरात उतरतो. उन्हाळा आहे म्हणून रात्रीचा बल्ब काढणारे पहिल्या आठवड्यातच वजन गमावतात. कोकणात पावसाळ्यात अडचण हवेच्या गारव्यापेक्षा ओल्या तुसाची. ओलसर तुसावर बसलेल्या पिल्लाची लव भिजते आणि ३२ अंशांतही ते गारठतं. ओलं तूस रोज उचला, भांड्यांखाली विटा किंवा जाळी ठेवा.

पडद्यांबद्दल एक काळजी. ऊब टिकवायची म्हणून शेड चारी बाजूंनी गच्च बांधू नका. पिल्लं प्राणवायू घेतात, तुसातून अमोनिया निघतो. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले तर पिल्लांना ते कधीपासून सोसावं लागतंय याचा विचार करा. पडदा खालून पक्का, वरून एक-दीड फूट उघडा, म्हणजे झुळूक अंगावर येत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये थंडी आणि कोंदट हवा एकत्र आली की हृदयावर ताण येतो आणि पुढे पोटात पाणी होऊन पक्षी मरतात.

खाद्य : उष्मांक आणि प्रथिनं दोन्ही

घरगुती कुक्कुटपालनात पिल्लांना आठवडा-आठवडा नुसती तांदळाची कणी किंवा मक्याची भरड घालतात. पिल्लं मजेत खातात, हिंडतात, म्हणून चुकतंय असं वाटत नाही. कणी-मक्यात उष्मांक भरपूर आहेत, प्रथिनं मात्र आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास. पिल्लाला लागतात वीस ते तेवीस टक्के. कणीवर त्याची ऊब भागते, हालचाल भागते, पण स्नायू, आतडी आणि पिसं कशातून तयार होणार? आठव्या दिवशी पिल्लू तुरतुरीत पण वजनाला हलकं, पंखांची पिसं उशिरा आलेली, असं दिसतं ते यामुळे. भरड पहिल्या दिवशी, प्रवासाने विष्ठा बिघडलेली असेल तर चालेल. त्यापुढे तयार खाद्यच द्या.

ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये (सुरुवातीच्या दिवसांच्या तयार खाद्यात) किलोमागे ३००० किलोकॅलरी आणि २२-२३ टक्के प्रथिनं असतात. गावरान आणि अंड्यांच्या जातींना २७०० ते २८०० किलोकॅलरी आणि २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पुरतात. त्यांना ब्रॉयलरचं खाद्य घातलं तर मरत नाहीत, पण तितकी वाढ त्यांच्या अंगातच नाही, पैसा जास्त जातो. दाणा बारीक चुऱ्याचा असावा. अगदी पीठ नको, चोचीला चिकटतं आणि धुळीने नाक चोंदतं.

ब्रॉयलर पिल्लू पहिल्या आठवड्यात एकूण १५० ग्रॅमच्या आसपास खातं. गावरान किंवा अंड्यांच्या जातीचं पिल्लू दिवसाला सरासरी आठ-दहा ग्रॅम. पाणी खाद्याच्या दुपटीने जातं, कडक उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पाण्याचा रोजचा आकडा भिंतीवर खडूने लिहीत जा. आजार येण्याआधी बहुधा पाणी पिणं कमी होतं, मरतुक नंतर दिसते.

पहिले तीन दिवस जवळपास सतत उजेड ठेवा, पण रोज एक तास अंधार करा. उबेपुरता लाल बल्ब राहू द्या, तो नसेल तर हा तास दुपारचा निवडा. अंधाराची सवय नसलेली पिल्लं रात्री अचानक वीज गेली की घाबरून ढीग करतात.

सातवा दिवस : काटा काय सांगतो

रिकाम्या पोटी, म्हणजे सकाळचं खाद्य घालण्याआधी, तीस पिल्लं एकेक करून तोला. सरासरी काढा. ब्रॉयलरसाठी जन्माच्या वजनाची चौपट ही खालची मर्यादा समजा. वनराजा-गिरिराजसारख्या जातींत दुपटीच्या आसपास किंवा थोडं वर ठीक. कडकनाथ आणि शुद्ध गावरान त्याहूनही सावकाश चालतात, त्यांची ब्रॉयलरशी तुलना करून खाद्य कंपनीला दोष देऊ नका.

आता हिशेब. समजा शंभर ब्रॉयलर पिल्लं ४० ग्रॅमने आली, म्हणजे ४ किलो. सातव्या दिवशी सरासरी १७० ग्रॅम, म्हणजे १७ किलो. वाढ १३ किलो, खाद्य गेलं १५ किलो. एक किलो वाढीला सुमारे १.१५ किलो खाद्य. हे चांगलं आहे. तेच १५ किलो खाद्य जाऊन सरासरी १४० ग्रॅमच भरली, तर वाढ १० किलो आणि किलोमागे दीड किलो खाद्य. तीन किलो वजन कुठे गेलं? थोडं खाद्य तुसात सांडलं असेल, थोडं आजारात गेलं असेल, पण हिवाळ्याची तुकडी असेल तर मोठा वाटा पिल्लांनी रात्री थरथरून जाळलेला असतो. आता ते ४.८ युनिट आठवा. पूर्ण आठवडा चोवीस तास बल्ब चालले तरी साधारण ३४ युनिट होतात. तुमच्या गावचा विजेचा दर त्याला लावा आणि तीन किलो जिवंत वजनाचा बाजारभाव शेजारी लिहा. त्यात ही नुसती पहिल्या आठवड्याची घट आहे, पुढे ती विक्रीपर्यंत मोठी होत जाते.

सरासरीच्या जोडीला विषमता पाहा. सरासरी १७० असेल तर १५३ ते १८७ ग्रॅमच्या मधे किती पिल्लं आहेत ते मोजा. तीसपैकी चोवीसच्या आसपास असतील तर तुकडी एकसारखी आहे. अठरा-वीसच असतील तर काही पिल्लांना भांड्याजवळ जागा मिळत नाही किंवा त्यांच्या भागात ऊब कमी आहे. बारीक पिल्लं वेगळ्या छोट्या कुंपणात, थोड्या जास्त उबेत ठेवा. मोठ्यांच्यात राहून ती कधीच वर येत नाहीत.

दुसरा आठवडा

पाचव्या ते सातव्या दिवसादरम्यान राणीखेत (मानमोडी) या रोगाची लस डोळ्यात थेंब टाकून देतात, आणि बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची. नेमका दिवस आणि लसीचा प्रकार तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. लसीला प्रतिसाद देण्यातही पिल्लाची शक्ती खर्च होते आणि पकडापकडीचा ताण वेगळा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ऊब एखाद अंशाने वाढवा, तापमान कमी करायचं वेळापत्रक दोन दिवस पुढे ढकला. लस सकाळी किंवा संध्याकाळी द्या, उन्हाळ्यात दुपारी तर नकोच.

जागा दहाव्या दिवसापर्यंत दुप्पट झालेली असावी. जागा वाढवताना नव्या भागातलं तूस आदल्या रात्री गरम करून घ्या, नाहीतर पिल्लं तिकडे फिरकत नाहीत आणि जुन्याच जागेत दाटी होते. ओल्या, दाटलेल्या तुसात तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण लागते. तिच्यात आतड्याचं अस्तरच झडतं, म्हणजे पहिल्या आठवड्यात कमावलेलं नेमकं तेच जातं.

घरी दहा-बारा पिल्लंच असतील तर यातलं बरंच काम खुडूक कोंबडी करते. तिला फक्त कोरडी, वारा न लागणारी जागा आणि पिल्लांपुरतं चांगलं खाद्य द्या. कोंबडीला आत जाता येणार नाही इतक्या बारीक फटींच्या डालग्याखाली पिल्लांचं खाद्य ठेवलं की ते पिल्लांनाच मिळतं.

ऊब बंद करताना

तारखेवर जाऊ नका, पिसांवर जा. पंखांची आणि पाठीची पिसं भरली की पिल्लू स्वतःची ऊब धरू लागतं. उन्हाळ्यात हे दहा-बारा दिवसांत जमतं, हिवाळ्यात तीन आठवडे लागतात, गावरान जातींना त्याहून जास्त. आधी दुपारचे बल्ब बंद करा. दोन-तीन दिवस पिल्लं पसरून राहिली तर संध्याकाळचे, आणि पहाटेचे सगळ्यात शेवटी. काढलेला बल्ब तिथेच वर बांधून ठेवा, अवकाळी पाऊस झाला किंवा थंडीची लाट आली तर रात्रीत परत लावता येतो. कुंपण काढलं की शेडचे कोपरे उघडे पडतात. पहिल्या आठ रात्री त्या चारही कोपऱ्यांत तुसाची भरलेली पोती तिरकी लावून कोपरे गोल करून घ्या, आणि झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन एकदा कडेकडेने फिरा. पिल्लं कुठे ढीग करून बसलेली दिसली तर हाताने सोडवा आणि त्या रात्री बल्ब लावा.